स्ट्रीक तुटली म्हणून काय झालं

चिऊ,

काल रात्री तू पाठवलेला, तुझ्या त्या रोजच्या सवयी मोजणाऱ्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट बघितला. सलग अकरा दिवसांच्या स्ट्रीकच्या जागी मोठ्ठं शून्य, खाली ते रडकं तोंड, आणि त्याच्याखाली तुझा मेसेज, "बाबा, माझ्याच्याने काहीच होत नाही." लगेच फोन लावणार होतो पण आई म्हणाली झोपू दे तिला, तू सुरू झालास की तासभर थांबत नाहीस. म्हणून लिहितोय. लिहिलेल्याचा फायदा असा की मधेच "हो हो कळलं" म्हणून तू मला गप्प करू शकत नाहीस.

आधी त्या अ‍ॅपचं बघू. अगं, श्वास घ्यायला, चालायला, दोन ओळी खरडायला पैसे पडत नाहीत, आणि फुकटची गोष्ट विकायची म्हटलं की विकणाऱ्याला त्यात आकडे, बक्षिसं आणि थोडी धास्ती घालावीच लागते, नाहीतर उद्या तू ते परत उघडशील कशाला? एक दिवस चुकला की सगळं शून्य, हा नियम त्यांचा आहे. तुझ्या मेंदूला तो कुणी सांगितलेला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली नावाच्या संशोधक बाईंनी 96 जणांना रोज एक छोटीशी नवीन गोष्ट करायला लावून 12 आठवडे बघितलं की ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात. मधला आकडा 66 निघाला, पण माणसामाणसात केवढा फरक, कुणाला 18 दिवस तर कुणाला, बारा आठवड्यांवरून पुढचा अंदाज बांधून, 254. आणि एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. ते सगळीकडे फिरणारं 21 दिवसांचं प्रकरण तर 1960 सालचं, एका प्लास्टिक सर्जनने लिहिलेलं की पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस जातात. त्यातलं "कमीत कमी" वाटेत कुठेतरी गळालं. तू अकरा दिवस केलंस ना, मग ते अकरा दिवस झालेत, ते कोण परत घेऊन जाणार आहे?

आता तुला आठवतही नसेल अशी एक गोष्ट. तू तिसरीत असशील. मी ऑफिसमधून आलो, तू दारातच बुटाची लेस बांधत बसली होतीस, मला आत जायला जागा नव्हती, आणि मी तुझ्यावर असा ओरडलो की तुझ्या हातातली लेस तशीच राहिली. तू रडली नाहीस. मान वर करून विचारलंस, "बाबा, तू माझ्यावर चिडलायस का दुसऱ्या कुणावर?" मी काही बोललोच नाही, आत जाऊन हातपाय धुतले, नळ उगाच बराच वेळ चालू ठेवला. त्या दिवशी दुपारी साहेबांनी चार लोकांसमोर माझी खरडपट्टी काढली होती, चूकही माझी नव्हती, आणि मला राग वगैरे नव्हताच खरं तर, मला लाज वाटत होती. ती मी घरी आणून तुझ्या अंगावर टाकली.

तेव्हापासून मी ही एक गोष्ट करतो, जमेल तेव्हा. आत जे चाललंय त्याला बरोबर नाव द्यायचं. "मूड ऑफ आहे", "टेन्शन आलंय" असलं गोल गोल चालत नाही. लाज आहे का हेवा आहे, भीती आहे का नुसती दमणूक, की कुणाची आठवण येतेय? मराठीत यासाठी शब्दांची काही टंचाई नाही, हुरहूर वेगळी, धाकधूक वेगळी, चीड वेगळी आणि खंत वेगळी. नाव बरोबर लागलं की खांदे जरा खाली येतात, बघ करून. मॅथ्यू लीबरमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 2007 मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून हेच दाखवलं, की भावनेला शब्द दिला की अमिग्डाला म्हणजे मेंदूतला तो घंटा वाजवणारा भाग जरा शांत होतो. मला हे फार उशिरा कळलं, तू तिसरीतच विचारत होतीस.

दुसरं म्हणजे लिहिणं. माझ्या टेबलाच्या खणात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो आणि तू मला कंजूष म्हणतेस, तर त्याचं कारण आज सांगतो. चांगल्या डायरीत मला खोटंच लिहिता येतं. अक्षर नीट यावं, वाक्य बरं वाटावं, म्हणजे कुणीतरी वाचणार आहे असं धरूनच लिहिलं जातं. पाठकोऱ्या कागदावर मी पंधरावीस मिनिटं हात न उचलता खरडतो, व्याकरण गेलं खड्ड्यात, आणि मग फाडून टाकतो. 1986 साली जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनात खोल रुतलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं होतं. नुसत्या घटना नाहीत, त्यावेळी काय वाटलं तेही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी जावं लागलं. पण एक आहे, लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. हे कुणी सांगत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी रडू आलं तर हे आपल्याला सूट होत नाही असं ठरवून टाकू नकोस, आणि अगदी सहन होत नसेल तर थांब, ती काही परीक्षा नाही. रात्री झोपायच्या आधी मात्र हे करू नये असं माझं मत आहे. रात्री फक्त उद्याच्या कामांची यादी, पाच मिनिटं, जितकी बारीकसारीक तितकं बरं. डोकं ती कामं धरून बसलेलं असतं, कागदावर आली की सोडतं.

श्वासाचं तुला माहितीये, फक्त तू "खोल श्वास घ्या" ऐकून छाती फुगवत बसतेस आणि मग चक्कर येते म्हणतेस. घेण्यावर नाही, सोडण्यावर लक्ष दे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंद होतात, म्हणून चार आकड्यांत घे आणि सहा आकड्यांत सोड, मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. मीटिंगच्या आधी जिन्यात उभं राहून दोन मिनिटं केलं तरी पुरे, कुणाला कळत पण नाही.

चालणं, सकाळचा उजेड डोळ्यांवर येऊ देणं, हे तर सगळेच सांगतात आणि खरंच आहे. फक्त दहा हजार पावलांच्या मागे लागू नकोस, तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवायला काढलेला. कृतज्ञतेची यादी तुझी आई करते आणि तिला ती मानवते. मला नाटकी वाटतं. तुला हवी तर आईला विचार.

एक मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, कशात रस नाही, अंथरुणातून उठवत नाही, किंवा जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तर हे माझे कागद आणि श्वास बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा, त्याआधी मला उठव. रात्री तीनला उठव. आई काय म्हणते त्याकडे लक्ष देऊ नको.

आणि काल "काहीच होत नाही" असं लिहिलंस ना, त्याला नीट नाव दे आणि मला सांग. मला वाटतं तू एकटी पडली आहेस. पण मी चुकतही असेन, त्या लेसच्या दिवशीही माझी लाज तुझ्यावर काढून चुकलोच होतो. रविवारी सकाळी फोन कर, तू तिकडे चाल, मी इकडे चालतो, बोलायला काही नसेल तर नुसते चालू.

लिफ्ट वापरायची नाही असं मी सोमवारी ठरवलं होतं. आज बुधवार, आज वापरली.

तुझा,
बाबा