उन्हाळी सहलीत एक रात्र दशावताराला द्या

मा. संपादक,
स. न.

उन्हाळी सुटी लागली की कोल्हापुरातल्या गाड्या आंबोली घाट उतरतात आणि सावंतवाडीतून सरळ गोव्याला निघून जातात. त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या देवळापुढच्या मांडवात, रात्री दशावतार, म्हणजे कोकणातलं पारंपरिक लोकनाट्य, रंगलेला असतो, याची बहुतेकांना खबरही नसते. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी जळालं तेव्हा हळहळलेल्या या नाटकवेड्या शहराने ही रात्र चुकवू नये, असं मनापासून वाटतं.

जाताना कागल-निपाणी-उत्तूर-आजरामार्गे आंबोली, सुमारे १२० किलोमीटर. मे महिन्यात तिथला मोठा धबधबा कोरडा असतो, त्यामुळे त्याच्या आशेवर जाऊ नये. हिरण्यकेशीचा उगम पाहावा. कावळेसादच्या कड्यावर सकाळी लवकर किंवा वळीव पडून गेल्यावर जावं. भर दुपारी दरी धुरकट दिसते. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत.

जत्रांमधला दशावतार कार्तिकापासून सुरू होतो. पण मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हा पूजा, वर्धापनदिन अशा निमित्तांनी कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला तालुक्यांत प्रयोग होतात. तिकीट बहुधा नसतं, खर्च गाव किंवा यजमान करतो. जाहिरातीत ‘ट्रिकसीन’, म्हणजे चमत्कारांचं दृश्य, असेल तर पहिल्यांदा बघणाऱ्यांनी तो प्रयोग टाळावा, असं आमचं मत आहे. धूर आणि दिव्यांच्या झगमगाटात संवाद मागे पडतात, आणि दशावतार म्हणजे संवादच! त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, बाकीचं नट समोरच्याच्या बोलण्यावर जागच्या जागी रचतात. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, तोच आडवा झाला की पलंग. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. युद्धाला तोंड लागलं की झांजेची लय अशी चढते की मांडवात पेंगणारं पोरही ताठ बसतं. राजे आणि देव पल्लेदार प्रमाण मराठीत बोलतात, मालवणी येते ती बहुतेक विनोदी पात्रांच्या तोंडी, तेव्हा भाषेची धास्ती नको. तासभर आधी पोहोचलात तर राजपार्टी आणि स्त्रीपार्टी, म्हणजे राजाच्या आणि स्त्रीच्या भूमिका, करणारे नट स्वतःच्या हाताने रंग लावताना दिसतील. विचारल्याशिवाय फोटो मात्र काढू नका.

प्रयोग संपायला मध्यरात्र उलटते. लगेच परतीला लागू नका. डोळ्यांवर झोप असते आणि दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. काळा गवा हेडलाइटच्या उजेडातही अगदी जवळ आल्यावरच दिसतो. मुक्काम कुडाळला करावा आणि खोली आधीच सांगून ठेवावी, कारण मे महिन्यात ऐनवेळी मिळणं कठीण. सकाळी जवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मग कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी. १९५८ साली घोषित झालेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. वाटेत शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण लागतं.

अडचण एकच आहे. कुठल्या गावात कुठल्या रात्री कुठलं आख्यान, हे कोल्हापुरात बसून कळत नाही. सिंधुदुर्गातल्या वाचकांना रोजच्या प्रयोगांची यादी मिळते. आपल्या कोल्हापूर आवृत्तीत एप्रिल-मेमध्ये दर गुरुवारी पुढच्या शनिवार-रविवारचे प्रयोग छापावेत: गाव, देऊळ, मंडळ, आख्यान आणि सुरू होण्याची वेळ. चार-पाच ओळींची जागा पुरे.

आपले,
काही नाट्यप्रेमी वाचक, कोल्हापूर