रायवळ आंब्यांची चित्रे काढून ठेवा

महोदय,

आमच्या परड्यातला शेप्या नावाचा रायवळ, म्हणजे कलम न करता बाठ्यापासून उगवलेला आंबा, गेल्या वर्षी रस्तारुंदीकरणात गेला. फळ मुठीएवढे, देठाशी शेंदरी, रस पातळ, बाठ्याला दाट धागे आणि वास थेट शेपूचा. परवा पुतण्याने विचारले, ‘‘काका, तो दिसायचा कसा?’’ घरातले सगळे फोटो काढले. एका फोटोत आम्ही भावंडे आणि मागे त्याचा बुंधा. फळ कुठेच नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १८८६ पासून १९४२ पर्यंत फळांची सुमारे ७,५०० जलरंगचित्रे काढून घेतली. तेव्हा एकच सफरचंद रोपवाटिकावाले निरनिराळ्या नावांनी विकत आणि रंगीत फोटो हाताशी नव्हता. म्हणून खात्याने चित्रकार नेमले. डेबोरा पॅसमोर या बाईंनी एकटीने १,५०० हून अधिक चित्रे काढली. अख्खे फळ, शेजारी कापलेले. डाग आणि कीडही लपवलेली नाही. खाली जात, गाव, तारीख. ही चित्रे आज इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात.

त्यांत मलगोबा आंबा बघून मी थबकलोच. १८८९ साली मुंबई इलाख्यातून आंब्याची कलमे फ्लोरिडात गेली. तिथल्या कडाक्याच्या थंडीत मलगोब्याचे एकच झाड तगले आणि १८९८ मध्ये फळले. पुढे त्याच्याच बाठ्यापासून तिकडचा प्रसिद्ध ‘हेडन’ आंबा झाला. आपल्याकडून गेलेल्या आंब्याची त्यांनी एवढी निगुतीने नोंद ठेवली, आणि इथे वाडीवाडीत वेगळ्या चवीचा रायवळ असताना आपण हापूसपलीकडे बघत नाही, याचे फार वाईट वाटते.

मोबाइलवर फोटो निघतो हे खरे, पण तो समोरच्या एका फळाचा. चित्रकार दहा फळे हातात घेऊन बघतो आणि जातीची खूण कागदावर आणतो. असे हात शोधायला लांब जायला नको. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे रंगवणारे कारागीर आहेत, गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते हाताने रंगवणारे आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्यांना सोबत घेऊन येत्या हंगामातच हे काम सुरू करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आमच्या वाडीत एक खोबऱ्या आणि एक गोट्या अजून उभे आहेत. मेअखेरीस पिकतात. कुणी चित्र काढायला येणार असेल तर पाटीभर आंबे काढून ठेवतो.

– एक बागायतदार, सावंतवाडी तालुका