विषय: अँकर लाईटची वॉरंटी ‘खाऱ्या पाण्या’चं कारण देऊन नाकारल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राने माझा अँकर लाईट, म्हणजे नांगरलेली होडी रात्री इतरांना दिसावी म्हणून लावायचा दिवा, दुरुस्त न करता परत पाठवला. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ आहे: ‘खाऱ्या पाण्यामुळे खराब, वॉरंटी लागू नाही.’

मी शहाद्याचा. आमची शिडाची होडी उकाईच्या फुगवट्यात उभी असते. धरण गुजरातेत असलं तरी पाणी पार आमच्या नंदुरबार जिल्ह्यात येतं, आणि ते तापीचं आहे. समुद्र बघायचा तर आम्हाला सुरतेच्याही पुढे जावं लागतं, आणि होडी तिकडे कधी गेलेलीच नाही. मग खारं पाणी दिव्याला लागलं कुठे? दिवा मी उघडला तेव्हा काचेत चमचाभर पाणी होतं. जिभेला लावून पाहिलं. विहिरीच्या पाण्यासारखं गोडं. तुमच्या माणसाने दिवा टांगायच्या कडीवरची पांढरी पूड बघून मीठ ठरवलं असणार. ती गंजलेल्या ॲल्युमिनियमची पूड आहे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, असली पूड मी रोज खरवडतो.

पाणी आत शिरलं कसं, तेही सांगतो. झाकणाच्या ज्या खाचेत रबरी रिंग बसते, तिथे साच्याची शिवण तशीच राहिली आहे. नखाला लागते. त्या जागी रिंग उचललेली राहते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, दिवा दिवसभर तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी वळीव कोसळला की दिवा एकदम गार होतो आणि त्या फटीतून पाणी ओढून घेतो. खोक्यावर ‘आयपी ६७’ छापलंय. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जाता कामा नये. इथे तर दिवा बुडालाही नव्हता.

तरी पाण्याची तक्रार मी दुय्यम धरतो. खरी फसवणूक करंटच्या आकड्यात आहे. खोक्यावर ०.१५ अँपिअर लिहिलंय, आणि मी दिवा घेतला तो त्याच आकड्यावर. आमचा जुना १० वॅटचा बल्ब ०.८३ अँपिअर खायचा. हिवाळ्यात १३ तासांची रात्र धरली तर जवळजवळ ११ अँपिअर-तास. आमची बॅटरी १८ अँपिअर-तासांची, आणि शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर अर्ध्याखाली उतरवायची नसते. तुमचा दिवा खरोखर ०.१५ वर चालला असता तर रात्रीला दोन अँपिअर-तास लागले असते. तेवढं आमचं १० वॅटचं सोलर पॅनल दिवसात भरून देतं. हिशेब चोख बसत होता.

मीटर लावला तर १२.६ व्होल्टला ०.४२ अँपिअर. सोलरवर चार्जिंग चालू असताना व्होल्टेज १४.४ ला गेलं, तर करंट ०.६ च्या वर. याचा अर्थ आत करंट बांधून ठेवणारा ड्रायव्हर नाहीच, नुसता रेझिस्टर टाकलाय. उघडल्यावर तो दिसलाही, करपून काळा पडलेला, खालची पट्टी पिवळी झालेली. अशा सर्किटवर ‘१० ते ३० व्होल्ट’ छापायला हिंमत लागते. २४ व्होल्टच्या बॅटरीवर कुणी लावला तर काय होईल, ते तुमच्या इंजिनिअरला विचारा.

या करंटने तिसऱ्या रात्री बॅटरी बसली आणि मध्यरात्रीनंतर दिवा गेला. फुगवट्यात रात्री मासेमारीच्या इंजिनाच्या होड्या फिरतात. त्यातली एक आमच्या नांगराच्या दोरावर आली, दोर तिच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला. कुणाला लागलं नाही. नावाडी ओरडला, “भाऊ, तुमना दिवा दिसनाच नही!” त्याचं काय चुकलं?

दिवा चालू असतो तेव्हाही भरवसा नाही, कारण त्याचा अंधार ओळखणारा सेन्सर. समोरच्या होडीवाल्याने अंदाज घ्यायला टॉर्चचा झोत मारला की सेन्सरला वाटतं उजाडलं, आणि दिवा बंद! ज्याला दिवा दिसायला हवा, त्याच्याच उजेडाने तो विझतो. सेन्सरला दोन-तीन मिनिटांचा उशीर ठेवला असता तरी हे टळलं असतं. रस्त्यावरच्या सोलर दिव्यांतही एवढी सोय असते. सेन्सर बाजूला ठेवून साधं बटण दिलंत तरी आमची हरकत नाही.

आणखी एक. ‘चहूबाजूंनी दिसणारा’ म्हणता, पण अंधाऱ्या दुकानात टांगून फिरवून बघा, कडीच्या बाजूने भिंतीवर जाड काळा पट्टा पडतो. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत नांगरावरच्या लहान होडीला चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा सांगितलाय, आणि तो दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. ते नियम धरणाच्या पाण्याला लागू नाहीत, हे मला सांगू नका. दोन मैलांचा दावा खोक्यावर तुम्हीच छापला आहे. (दिवा डोलकाठीच्या टोकाला लावा, हा तुमच्या पत्रकातला सल्लाही आमच्याकडे कुचकामी. पाण्यालगत बसलेल्या नावाड्याला तो टेकडीवरच्या टॉवरचा दिवा वाटतो. आम्ही पुढच्या बाजूला माणसाच्या उंचीवर टांगतो.)

माझ्या मागण्या अशा: दिव्याची पूर्ण किंमत आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च परत द्या. बदली दिवा नको, त्याच साच्यातला दुसरा घेऊन मी काय करू? खोक्यावर १२, १३ आणि १४.४ व्होल्टला मोजलेला खरा करंट छापा. आणि ‘खारं पाणी’ हा शेरा कोणत्या तपासणीवरून मारला, ते लेखी कळवा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. दिवा उघडलेल्या अवस्थेत, करपलेल्या रेझिस्टरसकट, माझ्याकडे जपून ठेवला आहे. तुमचा माणूस शहाद्याला पाठवलात तर त्याच्यासमोर मीटर लावून दाखवतो.

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचे व मीटरच्या आकड्यांचे फोटो, सेवा केंद्राची चिठ्ठी.

आपला,
एक ग्राहक, शहादा