आजेगुरू मामादी केइता यांस

आदरणीय मामादी केइता यांस,
सप्रेम नमस्कार.

जून २०२१ मध्ये तुम्ही गेलात. आपली भेट कधी झाली नाही, पण ब्रसेल्समध्ये मला जेंबे (हातांनी वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल) शिकवणाऱ्या बाई तुमच्या शिष्या, म्हणजे तुम्ही माझे आजेगुरू. त्या नात्याने लिहितो आहे.

गिनीतल्या बालांडुगूचा मुलगा चौदाव्या वर्षी राष्ट्रीय जोलिबा बॅलेत जातो, पुढे १९७९ मध्ये त्याचाच कलादिग्दर्शक होतो. अशा माणसाने १९८८ मध्ये या पावसाळी शहरात येऊन परक्यांना पहिल्यापासून शिकवायचं! नुसत्या मैफली करूनही तुमचं नाव झालं असतं. तुम्ही मात्र १९९१ मध्ये ‘ताम ताम मांदिंग’ ही शाळा काढलीत.

जेंबे घेऊन बागेत गोल करून बसायचं, वाट्टेल ते बडवायचं आणि त्याला आफ्रिकी संगीत म्हणायचं, ही हौस युरोपात कमी नाही. (मलाही ती मजा वाटते, नाही असं नाही.) तुमच्या परंपरेत मात्र ताल हाताला लागण्याआधी तो कुठल्या लोकांचा, कधी वाजतो, त्यावर कोण नाचतं, हे कळावं लागतं. सोली मुलांच्या दीक्षाविधीचा, कास्सा शेतात राबणाऱ्यांचा. बाईंनी कास्साबद्दल सांगितलं तेव्हा मला कापणीची भलरी आठवली आणि हात आपोआप मोकळा झाला. वर्गातल्या बेल्जियन मंडळींकडे भलरी नव्हती. त्यातल्या काहींना तुम्ही थेट बालांडुगूला नेलं होतंत. शिष्यांना आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर बसवायचं, याला मोठी छाती लागते.

दुसरे आभार दुनुनसाठी. केनकेनी, सांगबान, दुनुनबा हे तीन ढोल नसतील तर एकट्या जेंबेला अर्थ नाही, हे तुमच्या शिष्यांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं. नव्या माणसाला आधी जेंबेवर एकल वाजवायची घाई असते. इथे तो मुकाट्याने केनकेनी धरतो.

माझी बोटं ढोलकीवर घडलेली, त्यामुळे जेंबेचा स्लॅप, म्हणजे फटक्याचा तो तीक्ष्ण बोल, अजून फुटका निघतो. एका हाताने घंटी आणि दुसऱ्याने काठी, असा सांगबान तर त्याहून अवघड! बाईंनी पुढच्या आठवड्यात कास्साचा सांगबान माझ्याकडे दिला आहे. जमला तर श्रेय तुमच्या घराण्याचं, चुकला तर माझं.

आपला,
ब्रसेल्समधला एक ढोलकीवाला