अडीच भाकऱ्यांचा अभ्यास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की कार्टूनांनी आपल्या भागातल्या पोरांचं वाटोळं केलंय, घरात मराठी सोडून ती हिंदी बोलायला लागलीत, आणि टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवणं हाच त्यावर उपाय. हिंदीचं म्हणणं मला पूर्ण मान्य. आमची नात आता सात वर्षांची आहे, दुसरीत. चार वर्षांची असताना भूक लागली की "मुझे भूख लगी है" म्हणायची आणि आमच्या सूनबाईंना त्याचं कौतुक वाटायचं. मला नाही वाटायचं. पण वायर काढायचं काही मला पटलं नाही. का, ते सांगायला हे पत्र.

मी बेळगावातल्या वडगावची. सातवीची मुलकी पास झाले आणि शाळा सुटली. लग्नानंतर तीस वर्षं मागाला कांड्या भरल्या. दोन माग होते, ते 2020 साली विकले. पेपर मात्र पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत रोज वाचते. लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर दुरुस्त करून छापावं.

एका शनिवारी सकाळची शाळा करून नात घरी आली आणि टीव्हीपुढं बसली. डोरेमॉन चालू होतं. ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते : डोरेमॉन म्हणजे बाविसाव्या शतकातून आलेलं एक निळं यंत्रमांजर. मांजर असून उंदराला घाबरतं. त्याच्या पोटाला एक खिसा आहे आणि त्यातून हवी ती जादूची वस्तू निघते. नोबिता नावाचा एक आळशी मुलगा त्याच्या जिवावर जगतो. जपानात हे पात्र 1969 च्या डिसेंबरात मासिकांत आलं म्हणे, म्हणजे आमचा नोबिता खरं तर आजोबांच्या वयाचा हवा, पण अजून पाचवीच्या आसपासच अडकलाय. त्याची आई त्याला ओरडण्यापलीकडं काही करताना मला कधी दिसली नाही. असो.

मी मेथी निवडत होते, अर्धं लक्ष टीव्हीकडं. त्या भागात नोबिताची दुसऱ्या दिवशी परीक्षा असते आणि अभ्यास शून्य. मांजर खिशातून पाव काढतं. पावाची चकती पुस्तकाच्या पानावर दाबायची, अक्षरं पावावर उमटतात, पाव खाल्ला की पान पाठ. नोबिता पानामागून पान खात सुटतो. शेवटी खाऊन खाऊन पोट बिघडतं आणि सगळा अभ्यास संडासात जातो. नात पोट धरून हसली. मीही हसले. मला वाटलं, चला, पोरीला काहीतरी चांगलं कळलं.

कुठलं काय! रविवारी रात्री मी भाकऱ्या करत होते. एकेक गरम भाकरी काढून ठेवतेय, तर टोपलीतली गायब. मागं वळून बघितलं तर ही कोपऱ्यात बसलेली. मांडीवर कन्नडचं पुस्तक, त्यावर माझी जोंधळ्याची भाकरी, आणि वरून दोन्ही हातांनी दाब.

"काय करूलीस गं?"

"अभ्यास करूलोय. उद्या कन्नडचं उक्तलेखन हाय. अक्षरं उमटूल्यात काय बघ की, आज्जी."

(उक्तलेखन म्हणजे बाई सांगतील ते शब्द ऐकून लिहायचे. आणि आमच्याकडं मुलीही "करूलोय" म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी हसू नये.)

अक्षर एकही उमटलं नव्हतं. पुस्तकाला पीठ लागलं होतं आणि वाफेनं पान फुगलं होतं. मी म्हटलं, अगं, त्या नोबिताचं काय झालं ते बघितलंस ना काल? तर म्हणते, "त्यो पाव शिळा असणार. आपली भाकरी ताजी हाय." आणि अडीच भाकऱ्या खाल्ल्या. एरवी अर्धी खायला तासभर लावणारी पोर! घरातले सगळे खूश, सूनबाई तर म्हणाल्या रोज असं जेवत जा. रात्री दीड वाजता पोटात कळ. ओवा दिला, गरम पाणी दिलं, पोट चोळत बसले. सकाळी तोंड एवढंसं करून म्हणाली, "आज्जी, सगळं गेलं गं." उक्तलेखनात दहापैकी तीन.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मला हे सांगायचंय. कार्टूनमध्ये चांगलं असतं ते पोर लगेच उचलत नाही. आधी ते युक्ती उचलतं. आपण मोठी माणसं शेवटाला काय झालं त्यावरून अर्थ काढतो, पोर मधला गमतीचा भाग काढून घेतं आणि शेवटावर नुसतं हसतं. म्हणून त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. मी त्या शनिवारी खोलीत होते, पण शेजारी नव्हते, मेथीच्या शेजारी होते.

चार दिवसांनी तोच भाग मुलाच्या मोबाईलवर शोधून मी तिच्याबरोबर परत बघितला. या खेपेला ती हसली नाही, पोटावर हात ठेवून बसली. मी उपदेश काही केला नाही, एवढंच विचारलं, पावावरचं त्याला आठवलं का नाही? बराच वेळ विचार करून म्हणाली, "पोट आणि डोकं वेगळं असतंय. मधनं वाट नाही." यावर मला तरी बोलायला काही उरलं नाही.

पण मग माझ्याच मनात आलं, की पोरीला हा पाव खायला शिकवलं कुणी? आम्हीच. 2015 साली कर्नाटकात कायदा झाला, आता इथं पहिलीपासून कन्नड शिकावीच लागते. घरात कुणी कन्नड बोलत नाही, मुलगा-सून कामाला जातात, तेव्हा सूनबाई शब्दांची यादी करून रोज रात्री वीस वेळा लिहायला लावायच्या. पोर लिहायची, पण काय लिहितेय ते तिला ठाऊक नव्हतं. पान दाबायचं आणि गिळायचं. पाव नव्हता, वही होती, एवढाच फरक.

घोकणं म्हणजे वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. पावकी, निमकी, औटकी (म्हणजे पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) मी घोकूनच शिकले आणि अजून झोपेतून उठवलं तरी येते. पण ती राहिली, कारण रोज लागायची. किती कांड्या झाल्या, मजुरी किती झाली, हिशोब सगळा तोंडी. आणि मागावरची गाठ? तुटलेली तार जोडायला सासूबाईंनी शिकवलं तेव्हा पहिल्या पन्नासेक गाठी सुटल्याच. त्या रागवायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "परत." शंभर वेळा बघून ती गाठ आली नसती, बोटांनाच कळावी लागते.

मी स्वतः कन्नड वाचायला शिकले ती एसटी स्टँडवर. शाळेत नव्हतीच आम्हाला. लग्नानंतर माहेरी खानापूरला जायचं, गाडीवर पाटी कन्नडमध्ये, दर वेळी कुणाला तरी विचारायचं आणि त्यांनी तोंड वाकडं करायचं, याचा कंटाळा आला. गावाचं नाव मला ठाऊक, म्हणजे अक्षरं कुठली असणार हेही ठाऊक. खा कुठला, ना कुठला, एवढं जुळवायचं. खानापूर आलं की त्यातला ना दुसरीकडं ओळखू येतो.

तेच केलं. पुढच्या रविवारी नातीला घेऊन मध्यवर्ती स्टँडवर गेले. 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या गाड्यांत शून्य रुपयांचं तिकीट आहे, त्यामुळं खर्च फक्त शेंगांच्या पुडीचा. बाकावर बसलो आणि गाड्या वाचत सुटलो. निपाणीची गाडी आली तशी ओरडली, "आज्जी, चुकीचं लिवलंय! प दोनदा हाय!" कन्नडमध्ये निप्पाणी लिहितात, हे मलाही इतक्या वर्षांत नीट लक्षात आलं नव्हतं. गोकाक, अथणी, सौंदत्ती. दीड तास हलली नाही.

तिची खरी अडचण होती ती ए-ची. आपल्या मराठीत ए एकच. कन्नडमध्ये दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ, ओचंही तसंच. पुस्तकात झाडाचं पान म्हणजे एले, त्यातला ए आखूड. शिडी म्हणजे एणी, त्यातला लांब. पोर दोन्हीकडं एकच लिहायची आणि दोन्हीकडं फुली खायची. स्टँडवर तिला हुक्केरीची गाडी दाखवली. त्यातल्या के-च्या उजव्या बाजूला एक शेपटी असते, म्हणजे लांब. मग आखूड दाखवायला नाव कुठलं घ्यावं? आलेल्या प्रत्येक गाडीवर एकच नाव होतं : बेळगावी. त्यातला बे आखूड, शेपटी नाही.

संपादकसाहेब, आमच्या घरातला माणूस, म्हणजे नातीचे आजोबा, बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. 2014 साली गावाचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी बेळगावच आहे आणि राहील. पण ऱ्हस्व ए माझ्या नातीला आला तो त्याच नावावरून, हे मी लपवून काय करू? घरी आल्यावर तिनं आजोबांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, जरा गप्प बसले आणि म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंस." मग पेपर तोंडापुढं धरला.

त्यानंतरच्या उक्तलेखनात दहापैकी सहा आले. फार नाहीत, पण दोन्ही ए बरोबर. गंमत म्हणजे वही तपासताना बाईंना पुस्तकाचं ते फुगलेलं, पीठ बसलेलं पान दिसलं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "इदु एनु?" म्हणजे हे काय. तर आमची पोर न अडखळता म्हणाली, "रोट्टी."

डोरेमॉन अजून चालू आहे. त्यातलं सगळंच मला आवडत नाही. मोठा दांडगट पोरगा रोज नोबिताला बुकलतो आणि नोबिता दर वेळी मांजराकडं रडत जातो, हे मला खटकतं, आणि तसं मी नातीला मोठ्यानं सांगते. ती म्हणते, "गप बस की आज्जी, ऐकू येईना." आणि कार्टून मराठीत लागलं तर हिंदीचं दुखणं निम्मं जाईल, पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. रविवारी लहान मुलांसाठी तुम्ही गोष्टी आणि शब्दकोडी देता. तिथंच एका कोपऱ्यात आपल्या भागातल्या गावांची पाच-पाच नावं मराठीत आणि शेजारी कन्नड अक्षरांत छापाल का? मराठी पेपरात कन्नड अक्षर बघून काही लोक रागावतील, मला कल्पना आहे. त्यांनी पत्रं लिहिली तर त्यांना माझं हे पत्र दाखवा. सुरुवात खानापूरपासून केलीत तर बरं.

कळावे,
एक आजी
वडगाव, बेळगाव