पंखांसकट धड मोजायला शिकवणाऱ्या सरांना जाहीर पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आमच्या स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या प्रोजेक्टसाठी निवृत्तीनंतरही तुम्ही शनिवारची दुपार राखून ठेवलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानायचे आहेत.

आमच्या पुस्तकात पंखांचं प्रकरण वेगळं, धडाचं वेगळं. तुम्ही मात्र आलेखाचा कागद पुढे ओढलात आणि नाकापासून शेपटीपर्यंत आडवे छेद घ्यायला लावलेत. छेदात धड, पंख, शेपूट जे जे येईल त्याचं एकूण क्षेत्रफळ मांडायचं. पंख सुरू होतात तिथे रेषेला केवढं टेकाड आलं! ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवा या बेरजेलाच दाद देते, हे त्या दिवशी कळलं. क्षेत्रफळ जितकं अचानक बदलतं तितके आघाततरंग (हवेच्या दाबाचे एकाएकी बसणारे धक्के) तीव्र होतात आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो. पंख तर काढता येत नाहीत, म्हणून धडच कमरेत आवळायचं.

अमेरिकन अभियंते रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लँग्लीच्या प्रयोगशाळेत हा 'क्षेत्रफळाचा नियम' (एरिया रूल) कसा सिद्ध केला, ते तुम्ही किती रंगून सांगितलंत! जर्मनीत ऑटो फ्रेन्झ्ल यांना १९४३ मध्येच ही कल्पना सुचली होती, हेही आवर्जून सांगितलंत. ज्याचं श्रेय त्याला देण्याची तुमची ही सवय मला फार मोलाची वाटते. मग कॉन्व्हेअर या अमेरिकन कंपनीचं वायएफ-१०२ हे लढाऊ विमान. सरळ उड्डाणात ते ध्वनीचा वेग ओलांडेना. धड लांबवलं, कंबर आवळली, शेपटीजवळ दोन्ही बाजूंना फुगवटे जोडले आणि डिसेंबर १९५४ मध्ये सुधारित विमान ध्वनीच्या पुढे गेलं. इतका फरक निव्वळ आकाराने पडू शकतो, यावर माझा विश्वास बसला तो तुम्ही जुन्या आणि सुधारित विमानाचे दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून दाखवलेत तेव्हा.

बंगळुरूत घडलेल्या, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या आपल्या 'मारुत' या लढाऊ विमानाचीही कंबर अशीच आवळलेली. त्याला साजेसं ताकदवान इंजिन मिळालं नाही, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. या विषयात पुढे शिकायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

प्रवेश मिळाला आहे, सर. मॉडेलचा नवा आलेख सोबत जोडला आहे. कमरेपाशी रेषा आता सलग वाटते, पण शेपटीकडचा उतार अजून तीव्र दिसतो. तिथे फुगवटे द्यावेत की धड लांबवावं, सवडीने पाहून कळवावं.

आपला विद्यार्थी