वनस्पतिजन्य क्लीनरच्या बाटलीवर घटकांची पूर्ण यादी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की दुकानांत आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत कडुलिंब, रिठा, लिंबू, निलगिरी यांची चित्रे असलेल्या बाटल्यांच्या रांगा लागतात. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’, ‘रसायनविरहित’, ‘लहान मुलांसाठी सुरक्षित’ आणि ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हे सगळे दावे एकाच बाटलीवर वाचायला मिळतात. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली आणि घर आजही मीच पुसते, त्यामुळे या उत्पादनांबद्दल मला मनापासून आस्था आहे. त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. परंतु पदार्थ झाडापासून आला एवढ्यावरून तो हाताला, श्वासाला आणि फरशीला सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही आणि तो जंतू मारतो हेही सिद्ध होत नाही. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात आणि ती तपासणी ग्राहकाला करता येईल इतकी माहिती आज बहुतेक बाटल्यांवर नसते.

आपल्याकडे या बाबतीत सर्वांत जुना आणि विश्वासाचा अनुभव रिठ्याचा आहे. पैठणी आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धुण्याची रीत अनेक घरांत अजून टिकून आहे आणि ती शास्त्रालाही धरून आहे. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन या फेसाळ पदार्थाचा रेणू एका बाजूने पाण्याला आणि दुसऱ्या बाजूने तेलकटपणाला धरतो, म्हणजे साबणाचेच काम करतो. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून त्याचा चिकट साका बसतो, तसे रिठ्याचे होत नाही. मात्र एक्झॉस्ट फॅनवर बसलेल्या तेलाच्या जुन्या थरापुढे रिठ्याचे पाणी तोकडे पडते. तिथे अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या तेलकटपणा कापणाऱ्या पदार्थाची, जोड लागते आणि पूर्वी ती चुलीतल्या राखेतून मिळत असे, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. सुरक्षिततेचे म्हणाल, तर रिठ्याचा फेस डोळ्यांत गेल्यास डोळे लाल होऊन चांगलेच चुरचुरतात. हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि म्हणूनच सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे पकडण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. पाण्यात ते लवकर विघटित होते हे खरे असले, तरी नैसर्गिक आहे म्हणून नदीला निरुपद्रवी, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

घरी केलेले रिठ्याचे पाणी आणखी एक गोष्ट दाखवते. रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून, कुस्करून, बिया काढून गाळले की तपकिरी रंगाचे दाट पाणी मिळते. ते ओट्यावर तसेच ठेवले तर काही दिवसांतच त्याला आंबूस वास येऊ लागतो आणि वर बुरशीची साय धरते. मग दुकानातली बाटली वर्ष-दोन वर्षे कशी टिकते? त्यात परिरक्षक, म्हणजे द्रव खराब होऊ न देणारे प्रिझर्व्हेटिव्ह, घातलेले असते म्हणून. आयसोथायाझोलिनोन गटातील परिरक्षके या कामासाठी जगभर वापरली जातात आणि त्यांच्यामुळे काही जणांना त्वचेची ॲलर्जी होते हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. परिरक्षक घालू नये असे मी म्हणत नाही. ते न घालणे अधिक धोक्याचे ठरू शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कपडे धुण्याच्या व घरसफाईच्या एका महागड्या ब्रँडची सुमारे ८० लाख उत्पादने परत मागवावी लागली, कारण त्यांत स्युडोमोनास आणि इतर जिवाणू वाढण्याची शक्यता होती. निरोगी माणसाला या जिवाणूंचा सहसा त्रास होत नाही, परंतु केमोथेरपी चालू असलेल्या किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसासाठी ते गंभीर असते. तेव्हा परिरक्षक कोणते आणि किती घातले आहे, हे बाटलीवर छापलेले असायला हवे.

‘वनस्पतिजन्य’ या शिक्क्याखाली किती वेगवेगळ्या गोष्टी मावतात, याचे उदाहरण म्हणून भांड्यांचे लिक्विड घ्या. त्यात फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट खोबरेल तेलापासून किंवा पाम-कर्नेल तेलापासून बनवतात, त्यामुळे ते वनस्पतिजन्य म्हणणे खोटे नाही. त्वचेचा दाह मोजण्याच्या चाचण्यांत तुलनेसाठी मुद्दाम दाह आणायला वापरला जाणारा ठरलेला पदार्थही हाच आहे. त्याच खोबरेलातील मेद आणि ग्लुकोज यांपासून अल्किल पॉलिग्लुकोसाइड हा मळ काढणारा दुसरा पदार्थ बनतो आणि तो हाताला पुष्कळ सौम्य असतो. दोन्ही बाटल्यांवर नारळाचे चित्र छापता येईल. पाच-सहा घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत जाऊन पाहिले तर या फरकाची किंमत दिसते: पांढरी पडलेली, सोलवटलेली कातडी, सांध्यांवर बारीक भेगा आणि त्या भेगांत तिखटमीठ झोंबणे. दिवसभर ओल्यात राहणारे हात आधीच कमजोर झालेले असतात. कोणते लिक्विड आणायचे हे घरमालकीण ठरवते आणि त्रास दुसऱ्याच बाईच्या हाताला होतो, म्हणून माहितीचा हा प्रश्न मला निव्वळ ग्राहकाच्या सोयीचा वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत घराघरांत पोचलेल्या बायोएन्झाइमबद्दल सविस्तर लिहिणे मला भाग आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवायचे, ही त्याची सर्वश्रुत कृती. ओल्या कचऱ्याचा असा उपयोग करणाऱ्या महिलांचे मला कौतुकच आहे. तयार द्रवात मुख्यतः ॲसिटिक आणि लॅक्टिक यांसारखी सेंद्रिय आम्ले असतात आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ३ ते ४ असतो. नळावरचे क्षारांचे पांढरे डाग, बाथरूमच्या टाइल्स आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी हे आम्ल उत्तम काम करते. चिंच आणि आमसूल आपण त्याच कारणाने वापरत आलो. पण आपल्या घरांतला ओटा पुष्कळदा कडप्प्याचा असतो, अंगणात आणि गॅलरीत शहाबादी फरशी असते आणि जुन्या वाड्यांत व इमारतींत मोझॅक असते. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आहेत, मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, आणि या सगळ्यांतील कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते. कडप्प्याच्या ओट्यावर पिळलेल्या लिंबाची फोड उलटी राहिली, तर काही वेळाने तिथे करडे, खरखरीत वर्तुळ उमटते. तो डाग नसतो, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे कितीही घासले तरी तो जात नाही. ‘सर्व प्रकारच्या फरश्यांसाठी उपयुक्त’ असे छापलेले बायोएन्झाइम रोज अशा फरशीवर फिरवले, तर तिची चकाकी हळूहळू जाते आणि खडबडीत झालेल्या दगडात मळ अधिकच धरून राहतो. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना हा धोका फारसा नाही. ‘चुनखडीच्या दगडावर वापरू नये’ एवढी एक ओळ लेबलवर पुरेशी आहे.

बायोएन्झाइम आंबत असताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकण रोज थोडे सैल केले नाही तर बाटली फुगते, आणि काचेची असेल तर फुटून इजा होऊ शकते. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. संत्र्याच्या सालींचे केशरी, आंबटगोड वासाचे हे द्रव थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकले आणि साठवले जाते. चार वर्षांच्या मुलाला ते सरबत वाटले तर त्यात त्याचा काय दोष? बचत गटांच्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या बाटल्या यासाठी मुळीच वापरू नयेत.

सुगंधी तेलांबद्दलही असाच गैरसमज आहे. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेले तरी झटके येऊ शकतात, आणि कापराचेही तसेच आहे. मांजराच्या यकृताला सुगंधी तेलांतील अनेक संयुगांचा निचरा नीट करता येत नाही, त्यामुळे टी ट्री तेल घातलेल्या पाण्याने पुसलेल्या फरशीवर फिरून पंजे चाटणाऱ्या मांजराला त्याची बाधा होऊ शकते. संत्र्याच्या सालीतील लिमोनिन हवेत उघडे राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात, आणि घरातील हवेत ओझोन असेल तर लिमोनिनपासून थोडे फॉर्मल्डिहाइडही तयार होते. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील सहा हजारांहून अधिक लोकांची सुमारे २० वर्षे घेतलेली नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरची किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटल्याचे तीत आढळले. तो अभ्यास वनस्पतिजन्य उत्पादनांचा नव्हता. पण कोणतेही द्रव बारीक फवारा करून उडवले की ते श्वासात जाते, ही गोष्ट तुळशीच्या अर्कालाही लागू आहे. फवारण्याऐवजी फडक्यावर ओतून पुसावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

आता परिणामकारकतेकडे वळते. ‘९९.९ टक्के’ हा आकडा प्रभावी वाटतो. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी एक हजार उरतात, हे एक. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे, हा आकडा कोणत्या जंतूवर, किती तीव्रतेच्या द्रवाने आणि किती मिनिटांच्या संपर्कानंतर मिळाला, हे सांगितल्याशिवाय त्याला काहीच अर्थ नाही. एका बाटलीवर पुढे कडुलिंबाची मोठी फांदी होती आणि मागे, भिंगाने वाचावे लागेल अशा अक्षरांत, द्रव पाणी न मिसळता वापरून दहा मिनिटे ठेवावे अशी सूचना होती. आपण झाकणभर द्रव बादलीभर पाण्यात टाकतो आणि पंख्याखाली फरशी दोन मिनिटांत वाळते. त्याच लेबलवर सक्रिय घटक म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइडचे नाव होते. ते कारखान्यात तयार होणारे जंतुनाशक आहे आणि प्रभावीही आहे, पण मग श्रेय कडुलिंबाला का द्यायचे? कडुलिंबाच्या अर्कात जिवाणूरोधक गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, परंतु बाटलीत तो अर्क किती टक्के आहे हे लेबलवर कुठेच लिहिलेले नव्हते.

माझे मत असे, की निरोगी माणसांच्या घरात रोज जंतुनाशकाची गरजच नसते. साबण किंवा सौम्य डिटर्जंट, पाणी आणि स्वच्छ वाळवलेले फडके यांनी मळ निघतो आणि मळाबरोबर बहुतेक जंतूही निघून जातात. तेवढ्या कामाला चांगले वनस्पतिजन्य उत्पादन पूर्णपणे पुरेसे आहे. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तर मात्र संडास आणि मोरीसाठी व्हिनेगर, लिंबू किंवा बायोएन्झाइम यांवर विसंबू नये. तिथे ०.१ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण वापरावे. बाजारातील ब्लीच ४ टक्क्यांचे असेल, तर एक भाग ब्लीचमध्ये ३९ भाग पाणी घालून ते तयार होते. आधी मळ धुवावा, मग हे द्रावण लावून काही मिनिटे तसेच राहू द्यावे. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोबाइलवर फिरणारी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची युक्ती धोकादायक नाही, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेस ओसरल्यावर हाती मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे खारट पाणी उरते.

कायद्याची स्थिती अशी आहे. शाम्पूवर आणि क्रीमवर घटकांची यादी छापावी लागते. फरशीच्या क्लीनरवर तशी पूर्ण यादी देण्याचे बंधन नाही. १९४५ च्या औषध नियमांत जंतुनाशक द्रवांच्या मानकांसाठी ‘ओ’ हे स्वतंत्र परिशिष्ट आहे, पण ते मुख्यतः काळ्या-पांढऱ्या फिनाइलसारखी द्रवे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. मातीच्या घड्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना १९९१ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले, तरी किराणा दुकानात ते चिन्ह शोधूनही सापडत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द योग्य खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. अशा दाव्यांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते आणि वाचकांनी ती जरूर करावी.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून घरसफाईच्या उत्पादनांचे घटक जाहीर करणे सक्तीचे केले आणि युरोपीय संघात २००४ पासून त्यासाठी नियम आहेत. आपल्याकडेही प्रत्येक क्लीनरवर सर्व घटक, परिरक्षक, सुगंधी द्रव्यांतील ॲलर्जीकारक पदार्थ, सामू, कोणत्या पृष्ठभागावर वापरू नये याची सूचना आणि जंतुनाशाचा दावा असल्यास जंतूचे नाव, तीव्रता व संपर्काचा वेळ हे सगळे मराठीत, वाचता येईल अशा आकारात छापणे बंधनकारक व्हावे. बचत गटांना प्रयोगशाळेचा खर्च परवडणार नाही हे मला मान्य आहे. विज्ञान महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी आपल्या तालुक्यातील गटांसाठी सामू आणि जिवाणूंची प्राथमिक चाचणी विनामूल्य करून द्यावी. त्यासाठी लागणारी साधने तिथे असतात आणि विद्यार्थ्यांना खऱ्या नमुन्यांवर काम करायला मिळेल. शिवाय प्रत्येक बाटलीवर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक छापावा, म्हणजे मुलाने काही प्यायल्यास आईबापांना आणि गावातल्या डॉक्टरांना तो शोधत बसावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली